दाणा धरेपर्यंत

माझ्या स्टुडिओच्या भिंतींवर ओळखीच्या घरांतून मागून आणलेल्या सतरा गोधड्या ठोकलेल्या होत्या. खोलीत आवाज घुमू नये म्हणून शहरात खास फोम लावतात, पण मी बारामतीत काम सुरू केलं तेव्हा फोम फक्त गादीवाल्याकडे मिळायचा. धुऊन धुऊन मऊ पडलेली गोधडी आवाज जसा पिऊन टाकते तसा कुठलाही फोम पीत नाही, हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगेन. नवीन गिऱ्हाईक आत आलं की आधी भिंतीकडे बघायचं, मग माझ्याकडे. मार्केट यार्डात भाजी घालून परत निघालेल्या एका बाईंनी तर विचारलं होतं, "आज ऊन न्हाय म्हणून हितं वाळत घातल्यात व्हय?"

स्टुडिओला लागूनच सुमनताईंची पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की माईकमध्ये गाण्याऐवजी दळणच ऐकू यायचं. म्हणून आमचा एक करार होता. ताईंनी भिंतीवर दोन थापा मारल्या की गिरणी सुरू होणार, एक थाप मारली की बंद झाली. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली कितीतरी भजनी मंडळं, वरातीची गाणी आणि टेंपोवरून फिरणाऱ्या डाळिंबाच्या जाहिराती मी दोन दळणांच्या मधल्या वेळात रेकॉर्ड केल्या आहेत. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, मोबाईल आला. गिरणी होती तिथेच होती.

आमच्या धंद्यात कामं दोनच. आवाज धरायचा आणि आवाज कापायचा. धरणं कुणालाही जमतं, माईक पुढे ठेवला की झालं. खरी कारागिरी कापण्यात. खोकला कापायचा, खुर्चीची करकर कापायची, घेतलेला श्वास कापायचा, चुकलेली ओळ काढून दुसऱ्यांदा बरोबर म्हटलेली तिथे बेमालूम बसवायची. आणि मोकळी जागा तर दिसली रे दिसली की कापायची. सुरुवातीच्या काळात एका भजनी मंडळाच्या कॅसेटमध्ये मी दोन अभंगांच्या मध्ये जरा ऐसपैस शांतता सोडली होती. चार माणसं दुकानात येऊन भांडून गेली, की कॅसेट अडकते. त्या दिवसापासून मी मोकळ्या जागेचा वैरी झालो. माझ्या हातून गेलेल्या कुठल्याही गाण्यात दोन श्वासांपेक्षा मोठी फट सापडायची नाही. ह्याचा मला अभिमान होता, आणि तो मी चारचौघांत मिरवतही असे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. सुप्याकडचे एक आबा ज्वारीवरची पाखरं हाकलण्यासाठी स्वतःची आरोळी रेकॉर्ड करून घ्यायला आले होते. माळ्यावर स्पीकर लावणार आणि स्वतः घरी झोपणार, असा बेत. त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की गिरणीतल्या बायका डबे टाकून बाहेर आल्या. महिन्याभराने आबा परत आले आणि शांतपणे म्हणाले, "दत्ताराव, चार दिस पाखरं भ्याली. आता स्पीकरवरच बसत्यात. दुसऱ्या कुनाचातरी आवाज द्या." एका सोसायटीच्या निवडणुकीतले उमेदवार भाषण रेकॉर्ड करायला आले आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळ्या टाका म्हणाले. मी विचारलं, किती माणसांच्या टाकू? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "लोकांना खरं वाटंल इतक्याच." ह्या उमेदवारांना मी पुढे विसरू शकलो नाही, त्याला कारण वेगळं आहे. ते ओघात येईलच.

मला लिहायचंय ते एका गाण्याबद्दल. ते गाणं एकाच माणसाच्या तोंडात होतं, त्या माणसाची वाचा जाण्याच्या बेतात होती, आणि ती जायच्या आत गाणं धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते धरलं आणि मग माझ्या हातच्या कारागिरीने त्याचा गळा घोटला.

पण त्याआधी सायलीबद्दल सांगायला हवं. ही इंदापूरची मुलगी. शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन बारामतीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामाला लागलेली. शेतकरी पिशवीत माती घेऊन येणार, ही त्यातलं काय कमी, काय जास्त ते सांगणार. सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन माझ्याकडे यायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काका, मला सायकेडेलिक गाणी करायचीयेत."

"म्हणजे काय करायचं असतं?" मी विचारलं.

"ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपलं डोकं उघडलं. आपण जे बघतोय ते वेगळंच दिसायला लागलं पाहिजे. परदेशात लोकांनी नशा करून अशी गाणी लिहिली."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती हसून म्हणाली, "मी चहासुद्धा अर्धाच कप घेते, काका. मला फक्त गाणी पाहिजेत."

तिची गाणी ऐकली. जांभळं आभाळ होतं, निळे हत्ती होते, वितळणारे तारे होते, इंद्रधनुष्याचा जिना होता. मी म्हटलं, "इंदापूरच्या पोरीनं निळा हत्ती कुठं बघितला गं?" तिला राग आला, पण मी हवं ते सगळं केलं. आवाजाला घुमारा दिला, गिटार उलटी वाजवून दिली, एका कानातून निघालेला शब्द दुसऱ्या कानात नेऊन सोडला. गाणं छान झालं होतं, झुंबर लावलेल्या हॉलसारखं. पण कुणाचं डोकं वगैरे उघडलं नव्हतं. सायलीच म्हणाली, "काहीतरी राहतंय." मग ती दर आठवड्याला रंग वाढवत गेली आणि मी घुमारा.

अशाच एका रविवारी सकाळी मारुतीतात्या आले. इंदापूर तालुक्यातल्या कळंबचे. एका साखर कारखान्यात पॅनमन म्हणून उभी हयात काढून घरी बसलेले. पॅनमन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर गाणं कळायचं नाही. उसाच्या रसाचा पाक करून तो एका मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे पॅनमध्ये, आटवतात. तो आटत आटत अशा जागी येतो की त्यात साखरेचा दाणा धरायला लागतो. नेमकी ती वेळ ओळखायची हे पॅनमनचं काम. तो सळईने थेंबभर पाक काढणार, काचेच्या पट्टीवर पसरणार, दिव्यापुढे धरून बघणार. काही नाही. परत काढणार, परत बघणार. काही नाही. आणि मग एकदम, आत्तापर्यंत जिथे नुसता पाक होता तिथे दाणेच दाणे. पुढे सगळं यंत्रावर गेलं, पण तात्यांनी ते डोळ्यांनी केलेलं.

ते एकटेच एसटीने आले होते. तोंड किंचित एका बाजूला ओढलेलं, शब्द जरा जड. खिशातून काचेची एक पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दत्ताराव, एक झटका यिऊन गेलाय. डॉक्टर म्हनला, दुसरा आला तर बोलणं जाईल. माझं एक गाणं हाय. पॅनवर हुबा ऱ्हाऊन केल्यालं. कुठं लिवलं न्हाय, मला लिवताबी येत न्हाय धड. बोलणं जायच्या आत तेवढं धरून ठिवा."

सायलीची वेळ त्यांच्यानंतर होती, म्हणून ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. सुमनताईंची एक थाप आली. तात्यांनी डाव्या हातात काच धरली, उजव्या हाताच्या नखाने तिच्यावर टिक टिक ताल धरला आणि सुरू केलं. वाद्य नाही, आलाप नाही. शेजाऱ्याला कालची हकिकत सांगावी तसं.

पाक आटला, काच धरली, आत बघितलं वाकून
आतनं कुणी बघत हुतं मलाच डोळं लावून

मी गेलो दाण्यात, दाणा गेला घरी
कौसाबाईनं पाणी घातलं दाण्याच्या पायावरी

दाणा जेवला, दाणा निजला, माझं पांघरूण घिऊन
मी हितं पाकात फिरतोय, गोड गोड होऊन

एवढं म्हणून तात्या थांबले. नखाचा तालही थांबला. त्यांनी काच उचलून डोक्यावरच्या बल्बपुढे धरली आणि तिच्यातून बघत राहिले. मी घड्याळ बघितलं. अर्धं मिनिट झालं, एक झालं. मला वाटलं, म्हाताऱ्याला इथेच दुसरा झटका आला की काय. सव्वा मिनिट झाल्यावर त्यांनी काच खाली घेतली, नखाने एकदा टिक केलं आणि गायले.

भोंगा झाला, पाळी सुटली, कोण निघालं घरी?
कौसे, तूच दार उघड, बघ कोण हाय दारी

मी माईकवरून विचारलं, "तात्या, मधे विसरलात का?"

"न्हाय," ते म्हणाले. "दाणा धरत हुता."

सायलीकडे बघितलं तर तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट पकडलं होतं. हळूच म्हणाली, "काका, हे सायकेडेलिक आहे. हे खरं सायकेडेलिक आहे."

मी हसलो. म्हटलं, "अगं, तात्या तंबाखूसुद्धा खात नाहीत."

"म्हणूनच," ती म्हणाली. तात्या गेल्यावर तिने मला समजावायचा प्रयत्न केला. "माझ्या गाण्यात सगळं विचित्र आहे, पण मी आहे तिथेच आहे. बाहेर उभी राहून निळा हत्ती बघतेय. तात्यांच्या गाण्यात विचित्र असं काहीच नाही. पाक, काच, घर, पाणी, पांघरूण. फक्त बघणारा जागेवर राहिलेला नाही. आणि ते 'जणू' म्हणत नाहीत हो काका. दाण्यासारखा झालो असं म्हणत नाहीत. गेलो म्हणतात."

मी मान डोलावली, आणि ती गेल्यावर नेहमीप्रमाणे कापायला बसलो.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला मनापासून वाटलं होतं की मी तात्यांचं भलं करतोय. ती सव्वा मिनिटाची शांतता मी पहिल्या फटक्यात कापली. मग लक्षात आलं की गाण्याचा क्रम चुकलाय. पाळी सुटायच्या आधीच दाणा घरी कसा जाईल? भोंग्याचं कडवं उचलून मी दुसऱ्या जागी बसवलं. आता सगळं नीट लागलं. भोंगा होतो, पाळी सुटते, दाणा घरी जातो, जेवतो, झोपतो. जड झालेले दोन शब्द घासून साफ केले. खाली ढोलकी टाकली आणि दाणा जेवतो तिथे चमच्याचा टिंग असा आवाज. ऐकून स्वतःच खूश झालो. तात्यांच्या पुण्यातल्या मुलाला फाईल पाठवली, त्याचं उत्तर आलं, "लय भारी." गिऱ्हाईक पास म्हणालं की कच्चं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, ही माझी कायमची रीत. नाहीतर आम्हा लोकांच्या कॉम्प्युटरचा उकिरडा होतो. मी पुसलं.

गाणं मोबाईलवरून भराभरा फिरलं. कुणीतरी त्यावर ठेका चढवला आणि इंदापुरात एका वरातीत लोक त्यावर नाचले. "दाणा गेला घरी" म्हटलं की नवरदेवाला खांद्यावर घ्यायचे. मला ते कुणी सांगितलं तेव्हा मी कॉलर ताठ केली.

सायली मोबाईल हातात घेऊन आली ती तणतणतच. "काका, तुम्ही ह्याला जागं केलंत! झोपेत चालणाऱ्या माणसाला हलवून जागं करावं तसं. आता हे गमतीचं गाणं झालं. मूळ ऐकवा मला." मी म्हटलं, ते पुसलं. ती गिटार न काढताच निघून गेली. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलंय, एवढं गाणं गाजतंय आणि हिचं काहीतरीच.

मग तात्या आले. परत एकटेच, परत एसटीने. बाकावर बसले, पाणी प्यायले. मी विचारलं, "कसं झालंय गाणं?"

"ग्वाड झालंय," ते म्हणाले. "लोक हसत्यात. नातवंडं नाचत्यात." थोडा वेळ ते गोधड्यांकडे बघत राहिले. "पर दत्ताराव, ह्यात मी भायेरच हुबा हाय. आत कोन गेलंच न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाने माझं काम नावं न ठेवता नापास केलं होतं. तात्या म्हणाले, "परत एकदा म्हनतो. तवा काय कापू नगा. बुधवारी येऊ का?"

आणि इथे मी ती दुसरी चूक केली, जी मला पहिलीपेक्षा जास्त टोचते. त्या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात ते टाळ्यांवाले उमेदवार होते. वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या जीपसाठी वेगवेगळ्या घोषणा, रोज नव्या. मी डायरी बघितली आणि म्हटलं, "तात्या, एवढी निवडणूक होऊ द्या. पुढच्या पंधरवड्यात निवांत करू."

ते उठले. "बरं. माझं काय, मी रिकामाच," असं म्हणाले आणि काठी टेकत स्टँडकडे गेले. मी त्यांना सोडायलाही गेलो नाही, आत घोषणा खोळंबल्या होत्या.

पंधरवडा पुरा व्हायच्या आत मुलाचा फोन आला. दुसरा झटका आला होता. जीव वाचला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

मी चार दिवस दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी कळंबला गेलो. तात्या पडवीत खाटेवर टेकून बसलेले, डोळे तेच, टक लावून बघणारे. कौसाकाकी त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. गाण्यात ज्यांना दार उघडायला सांगितलंय, त्या ह्याच, तात्यांच्या मंडळी. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. शांतता कापली, क्रम बदलला, मूळ पुसलं, आणि टाळ्या जोडायच्या होत्या म्हणून तुम्हाला पंधरा दिवस पुढे ढकललं. तात्यांनी डावा हात उचलला आणि परत गुडघ्यावर ठेवला. त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

काकींनी पेजेची वाटी खाली ठेवली. "मोबाईलवर ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "एकच इचारायचं हुतं. ते मधलं गप बसणं कुठं टाकलं तुमी?"

"कापलं, काकी. मोकळी जागा वाटली मला."

"मोकळी कशी?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तवाच तर ते घरी येत असत्यात."

तात्या बघत होते, काकी पदराने त्यांचं तोंड पुसत होत्या. मग मी भीत भीत विचारलं, "काकी, तुम्हाला येतं का गाणं?"

"कानात हाय की. इतक्या वरसांचं."

"तुम्ही म्हणाल का स्टुडिओत?"

"छ्या! मी कवा तोंड उघडलंय चार लोकांत?" त्यांनी मान उडवली. तेवढ्यात खाटेवर थाप पडली. तात्यांनी डाव्या पंजाने खाटेच्या कडेवर मारली होती. काकींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी परत मारली, जरा जोरात. "बघा कसं हाय," काकी म्हणाल्या. "बोलणं गेलं पर हुकूम गेला न्हाय." आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

मुलाने गाडी करून दोघांना आणलं. मी सायलीला फोन करून बोलावलं होतं, माझ्याच्याने एकट्याने होईना म्हणून. सुमनताईंना जाऊन सांगितलं की आज एक थाप द्या आणि मी येऊन सांगेपर्यंत दोन देऊ नका. त्यांच्या दारात डब्यांची रांग लागली होती. ताईंनी गिरणीचा पट्टा उतरवून ठेवला आणि रांगेला म्हणाल्या, "घाई आसंल त्यानं दुसरी गिरणी बघा." कुणी गेलं नाही.

काकी माईकपुढे बसल्या. तात्या शेजारी खुर्चीत, डाव्या हातात ती काचेची पट्टी. काकींनी माईककडे पाठच केली आणि तात्यांकडे तोंड करून म्हणायला लागल्या. मी माईक उचलून त्यांच्या तोंडापुढे नेऊन ठेवला, कारण त्या वळणार नाहीत हे दिसतच होतं. आवाज पातळ, जरा कापरा. पण शब्द न् शब्द तात्यांचे. मी गेलो दाण्यात, दाणा गेला घरी. त्या स्वतःचं नाव तिऱ्हाइताचं घ्यावं तसं घेत होत्या. कौसाबाईनं पाणी घातलं, असं कौसाबाई म्हणत होत्या, आणि पाकात कोण फिरतंय, घरी कोण निजलंय, ते मला सांगता येईना. सायलीने माझा दंड धरला होता.

मी हितं पाकात फिरतोय, गोड गोड होऊन. काकी थांबल्या. तात्यांनी काच उचलली आणि बल्बपुढे धरली.

माझा हात सवयीने बटणाकडे गेला, तो मी मांडीखाली दाबून ठेवला. खोलीत काही नव्हतं. तात्यांचा श्वास होता, थोडा घरघरता. लांब स्टँडवर एक एसटी मागे घेताना वाजली. एक मिनिट झालं, दोन झाली. हात उचलून धरायचा त्यांना त्रास होत होता, काच थरथरत होती, पण ते खाली घेत नव्हते. काकींना घाई नव्हती. रोज दाराशी बसून वाट बघणारी बाई जशी बसते तशा त्या बसल्या होत्या. आणि त्या शांततेत मला जन्मात पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं काय कापत आलो होतो. बाकीच्या गाण्यांचं जाऊ द्या, त्यात खरंच फटी असतील. पण इथे गाणं चालू होतं. तात्या गात होते. त्यांना गाण्यातला एवढाच भाग आता येत होता आणि तो ते पुरेपूर गात होते.

काच खाली आली. डाव्या अंगठ्याचं नख तिच्यावर वाजलं, टिक.

काकींनी भोंग्याचं कडवं म्हटलं. कौसे, तूच दार उघड, बघ कोण हाय दारी. मी रेकॉर्डिंग बंद करायला हात सोडवला, तर त्या थांबल्याच नाहीत. त्याच चालीत पुढे म्हणाल्या,

कोण का आसंना, ये की आत, दार हाय उघडं
मानूस आस का दाणा आस, जेव माझ्याकडं

तात्यांनी कौसाकाकींच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला. मग मी विचारलं, "काकी, हे शेवटचं कडवं तात्यांनी नव्हतं म्हटलं."

"ते कसं म्हनतील?" काकी म्हणाल्या. "त्यो माझा जबाब हाय. त्ये दारातनं म्हनायचे, मी चुलीपासनं. घरातलं हुतं ते."

म्हणजे मी पुसलेल्या मूळ रेकॉर्डिंगमध्येही गाणं अर्धंच होतं. ह्याने माझा अपराध कमी होत नाही, तात्यांचा आवाज मी घालवला तो घालवलाच. तो कुठल्याही कॉम्प्युटरमधून परत येत नाही, मी दोन माणसांना दाखवून बघितलं. त्यांच्या आवाजातलं जे शिल्लक आहे ते ढोलकीच्या वर, चमच्याच्या टिंगसकट.

सायलीने पुढे निळे हत्ती सोडून दिले. तिने एक गाणं केलं, त्यात परीक्षणाला आलेली पिशवीतली माती तिला विचारते, माझ्या अंगावरचं ऊन कुठं ठेवलंस? मी त्याला घुमारा दिला नाही आणि तिनेही मागितला नाही. माझ्या हातचं ते शेवटचं काम. मग मी दुकान आवरलं आणि भिंतीवरच्या गोधड्या ज्यांच्या होत्या त्यांना परत केल्या. माझ्या घरची एक होती, ती काकींना दिली.

काकींचं गाणं मात्र मी अजून पाठवत असतो, कुणी मागितलं की. जसं झालं तसं, श्वासासकट, एसटीसकट. ऐकणाऱ्यांचे फोन हमखास येतात, कधी चालू गाण्यातच. परवा जंक्शन नावाच्या गावाहून एकाने केला. "काका, फाईल खराब हाय वाटतं. मधीच अडकली. काईच वाजंना."

मी म्हटलं, "अडकलेली नाही. जरा थांबा. तात्या घरी येतायत."